रूममेट गेला, भाडं राहिलं (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, आम्ही चौघांनी मिळून फ्लॅट घेतला, अ‍ॅग्रीमेंटवर चौघांच्या सह्या आहेत. एकाने मधेच कॉलेज सोडलं आणि सामान घेऊन गेला, आता फोन पण उचलत नाही. मालक म्हणतात मला पूर्ण भाडं पाहिजे, तुमचं आपसातलं मला सांगू नका. आम्ही आमचा हिस्सा वेळेवर देतोय, मग त्याचा आम्ही का भरायचा? आणि त्याचं डिपॉझिट आहे ना, त्यातून कापा म्हटलं तर तेही नाही म्हणतात.

उत्तर : राग येणं साहजिक आहे, पण मालक बहुतेक बरोबर आहेत हे आधीच सांगून टाकते. विद्यार्थ्यांना घर देताना कागद दोन तऱ्हेचे होतात. एकात प्रत्येकाशी वेगळं अ‍ॅग्रीमेंट, त्याची खोली किंवा त्याचा बेड आणि त्याचं भाडं, बाकीच्यांचं बाकीचे बघतील. दुसऱ्यात सगळ्यांचा मिळून एकच कागद, आणि त्यात कुठेतरी मधेच 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार' अशी एक ओळ असते जी सही करताना कोणीच वाचत नाही आणि नंतर सगळं तिच्यावरच अडतं. त्या ओळीचा अर्थ असा की तू पाव भाड्याला नाही, सगळ्या भाड्याला बांधलेला आहेस, आणि मालक ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून वसूल करू शकतो. आज घरी गेल्यावर आधी ती ओळ शोध.

ती सापडली तर डिपॉझिटचंही उत्तर त्यातच आलं. डिपॉझिट अख्ख्या घराचं असतं, चार पाकिटं वेगळी ठेवलेली नसतात, आणि घर रिकामं होईपर्यंत ते मालकाकडे राहतं. भाड्यात वळतं करणार नाही असं कागदातच लिहिलेलं असतं बऱ्याचदा.

पण तुमचा मित्र सुटला असं नाहीये. तुम्ही त्याच्या वाटचं भरलंत तर ते त्याच्याकडून मागायचा तुम्हाला हक्क आहे, फक्त फोनवर भांडत बसू नका, तो उचलणारच नाही. तारीख आणि रक्कम घालून मेसेज करा, मेल करा, त्याच्यासाठी कोणी जामीनदार म्हणून सही केली असेल तर त्यांनाही कळवा. आणि मालकांना आत्ताच सांगा की आम्ही चौथा माणूस शोधतोय, तुमची हरकत नाही ना. बरेच मालक तयार होतात, त्यांना भाड्याशी मतलब.

चौथा मिळाल्यावर खरी गंमत सुरू होते. मुलं काय करतात, नवीन मुलगा जुन्याला त्याच्या डिपॉझिटचे पैसे परस्पर देऊन टाकतो आणि बॅग टाकून राहायला येतो, कागद तसाच. म्हणजे कागदावर गेलेलाच भाडेकरू आणि राहतोय त्याचं नाव कुठेच नाही, उद्या मालकाने त्याला निघ म्हटलं तर दाखवायला काही नाही, आणि वरून जुन्याने फोडलेल्या बेसिनचे पैसे याच्या डिपॉझिटमधून जाणार. तेव्हा नाव बदलून घ्या, आणि त्याच दिवशी घराचे फोटो काढा. आम्ही चौघी राहायचो तेव्हा एक जण गेली आणि दुसरी आली, फोटोबिटो काही नाही, शेवटी कपाटाच्या तुटलेल्या दारावरून दोन मैत्रिणी कायमच्या तुटल्या.

प्रश्न : दोन वर्षं राहून आम्ही फ्लॅट सोडला तर मालकांनी डिपॉझिटमधून निम्मे पैसे कापले. कारणं तीन सांगितली : घराचा रंग, बाथरूमलगतच्या भिंतीची ओल आणि किचनमधला जळलेला बोर्ड. घर वापरलं की जुनं होणारच ना? नळ तर आम्ही आलो तेव्हापासूनच गळत होता, आणि बोर्डवर आम्ही एक्स्टेंशन लावून फक्त इंडक्शन चालवायचो.

उत्तर : तिन्ही गोष्टींची तीन उत्तरं आहेत.

रंग. दोन वर्षांत रंग फिका पडतो, कॉटच्या मागे भिंत मळते, ही झीज आहे आणि झीज मालकाची. पोस्टर ओढून काढताना आलेले पोपडे, खिळ्यांची भोकं, ते तुमचं. पण तेवढ्यासाठी अख्ख्या घराच्या नव्या रंगाचा खर्च लावला असेल तर बिल मागा आणि विचारा की आधीचा रंग किती जुना होता.

बोर्ड. इथे 'फक्त इंडक्शन' वाचून मी कपाळावर हात मारला. साधी ६ अँपिअरची पिन २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट ओढू शकते आणि इंडक्शन शेगड्या २,००० वॉटच्या सर्रास असतात. आधी पिन गरम लागते, मग प्लास्टिक तपकिरी होतं, मग तो जळका वास येतो, हे एका दिवसात होत नाही, तुम्हाला दिसलं असणार. हे पैसे द्या आणि आग लागली नाही म्हणून सुटलात असं समजा.

आता नळ. तुम्ही यायच्या आधीपासून गळणारा नळ दुरुस्त करणं बहुतेक वेळा मालकाचं काम. पण सांगितलं होतंत का? सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात, ते दोन वर्षं त्याच भिंतीत मुरले तर बुरशी धरणारच, आणि मालक त्या घरात राहत नाहीत, त्यांना कसं कळणार? कळवणं हे राहणाऱ्याचं काम. तोंडी सांगितलं असेल तर मालक आठवत नाही म्हणतील आणि विषय संपला. एक जरी जुना मेसेज सापडला ना, 'काका नळ गळतोय, प्लंबर पाठवता का' एवढा, तरी बाजू फिरते. चॅटमध्ये 'नळ' टाकून सर्च करा बरं.

पुढच्या घरात सामान लावायच्या आधी व्हिडिओ काढा, सिंकच्या खाली, कपाटांच्या आत, मीटरचं रीडिंग, आणि त्याच दिवशी मालकांना पाठवून द्या, म्हणजे तारीख आपोआप राहते.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे, पहिल्यांदाच बाहेर राहतोय. घरमालकांशी मीच बोलतो, भाडंही मीच पाठवतो. मुलगा म्हणतो मला बोलू द्या. लहान आहे हो तो अजून.

उत्तर : दादा, सही त्याची आहे ना? मग बोलू दे त्याला. पैसे तुम्ही पाठवा हवं तर, पण त्याच्या खात्यात, आणि तारीख त्याला सांभाळू दे. एकदा उशीर होईल, दंड बसेल, पुढच्या महिन्यात होणार नाही. तुम्ही मात्र एक बघा, जामीनदार म्हणून तुमची सही असेल तर ती फक्त मुलाच्या भाड्यापुरती आहे की चारही मुलांच्या थकबाकीला. वरचा पहिला प्रश्न परत वाचा, त्या चौघांतला एक तुमचा असू शकतो.

प्रश्न : मावसभाऊ परीक्षेसाठी येतोय, माझ्या रूमवर राहिला तर चालेल का?

उत्तर : परीक्षा किती दिवसांची आहे ते तू लिहिलंच नाहीस. चार दिवस असेल तर पाहुणा, मालकांना एक मेसेज टाक आणि रूममेट्सना आधी विचार. चार महिने असेल आणि तो तुला अर्धं भाडं देणार असेल तर तो पोटभाडेकरू झाला, लेखी परवानगीशिवाय नको, त्यात तुझंच घर जाईल.