पॅरासिटामॉल एकच, मग एका स्फटिकाची गोळी का फुटते?

जळगावच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल करणाऱ्या फार्मसीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: रेणू तोच असताना, फॉर्म 1 आणि फॉर्म 2 या त्याच्या दोन स्फटिकरूपांपैकी फॉर्म 1 ची गोळी दाबल्यावर वरची चकती का सुटते?

फरक रेणूंच्या मांडणीत आहे. दोन्हींत हायड्रोजन बंधांनी जोडलेले थर आहेत. फॉर्म 1 मध्ये ते पन्हळी पत्र्यांसारखे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे दाबाखाली घसरत नाहीत. स्फटिक लवचिकपणे दबतो, गोळी दाबणारा पंच उचलला की उसळतो आणि गोळीला कॅपिंग होतं, म्हणजे वरची चकती सुटते. फॉर्म 2 चे थर सपाट असतात. ते सरकतात, कण एकमेकांना नीट चिकटतात, गोळी घट्ट होते. तरी बाजारात फॉर्म 1 च चालतो, कारण तो जास्त स्थिर आहे; पोव्हिडोनसारखा बाइंडर (कण चिकटवणारा पदार्थ) घालून पावडरचे ग्रॅन्युल, म्हणजे दाणे, केले की काम भागतं. फॉर्म 2 ओलसर राहिला की फॉर्म 1 होतो, म्हणून गाळल्याबरोबर कोरडा करणं फार महत्त्वाचं.

करून बघायचं तर 5 ग्रॅम पावडर 100 मिली उकळत्या पाण्यात विरघळवा, गरम असतानाच गाळा, झाकून सावकाश थंड होऊ द्या. फॉर्म 1 चे ठसठशीत स्फटिक येतील. पाण्याऐवजी इथेनॉल वापरत असाल तर मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 वर असताना ते उघडं ठेवू नका. ते भराभर उडतं आणि बारीक चुरा पडतो.

नुसत्या आकारावरून फॉर्म ठरवू नका. डीएससी (नमुना तापवत नेऊन तो किती अंशांना वितळतो ते दाखवणारी चाचणी) करा: फॉर्म 1 साधारण 169 अंशांना वितळतो, फॉर्म 2 साधारण 157 ला.