मुंबईजवळचं अख्खं अम्युझमेंट पार्क एका दिवसासाठी घ्यायचं तर खर्च किती?

छापील भाडं सहसा नसतं. पार्कवाले किमान माणसं धरून माणशी दर लावतात, आणि तुम्ही चारशेच जण गेलात तरी बिल त्या किमान आकड्याचंच. समजा माणशी १,५०० रुपये आणि किमान २,००० माणसं, तर ३० लाख झाले, वर १८ टक्के जीएसटी. मी कंपन्यांचे फॅमिली डे ठरवतो. बोलणी अडतात ती या किमान आकड्यावरच. म्हणून मे महिना आणि दिवाळीची सुट्टी टाळून मधला वार मागा, तिथे घासाघीस होते. खोपोलीचं इमॅजिका असो की गोराईचं वॉटर किंगडम, जेवण, लॉकर आणि नेमक्या कोणत्या राइड चालू राहतील हे कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. रात्रीचा बेत असेल तर मात्र उघड्यावरचा डीजे १० वाजता बंद.