कर्नलमधली दुरुस्ती : नोंद फाइलमध्ये की कमिटमध्ये?

प्रश्न : लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) टीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलच्या मुख्य फाइलमध्ये सुरुवातीलाच ‘फिक्सेस’ या मथळ्याखाली दुरुस्त्यांची लांबलचक यादी आहे. मी एका नेटवर्क ड्रायव्हरमधली चूक दुरुस्त केली आहे. माझी नोंदही अशीच फाइलच्या माथ्यावर करायची का? (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : नाही. ती यादी १९९०च्या दशकातली आहे. तेव्हा कर्नलला व्हर्जन कंट्रोल (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) नव्हतं. कोणी काय सुधारलं हे टिकवायचं, तर ते फाइलमध्येच लिहिणं भाग होतं. यादीत अ‍ॅलन कॉक्स यांच्या नावापुढची एक ओळ सांगते, की रीसेट (जोडणी तोडणारं पॅकेट) पाठवताना एसीके (पोचपावतीचा) बिट लावला. बस्स, एवढंच. आधी काय बिघडत होतं, कोणत्या फंक्शनमध्ये, कधी, यातलं काहीच तिथे नाही. आणि खालचा कोड कितीही बदलला तरी ती ओळ तशीच राहते. २००२ मध्ये बिटकीपर ही व्हर्जन कंट्रोल प्रणाली आली, एप्रिल २००५ मध्ये गिट, आणि अशा नोंदींची जागा कमिट मेसेजने, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलासोबतच्या (कमिटसोबतच्या) टिपणाने घेतली.

मेसेज इंग्रजीतच लिहायचा. पहिल्या ओळीत सबसिस्टिम (कर्नलचा विभाग) आणि ड्रायव्हरचं नाव, कोलन, मग बदल काय तो आज्ञार्थी क्रियापदात. ही ओळ ७०-७५ अक्षरांच्या आत बसवा. एक ओळ सोडून मजकूर, त्यातली प्रत्येक ओळ ७५ अक्षरांवर तोडायची.

मजकुरात आधी बिघाड सांगा, मग उपाय. ‘मॉड्यूल काढताना होणारा क्रॅश दुरुस्त केला’ या वाक्यावरून तपासणाऱ्याला काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘रिमूव्ह फंक्शनमध्ये ड्रायव्हरचं स्ट्रक्चर आधी मोकळं होतं आणि वर्कक्यूमधलं काम नंतर थांबतं. मधल्या वेळात ते काम सुरू झालं, तर मोकळी झालेली मेमरी वापरली जाते. काम आधी थांबवा, मग मेमरी सोडा.’ आता कोड न चालवताही दावा पडताळता येतो. वापरणाऱ्याला काय दिसतं (मशिन अडकतं, पॅकेट हरवतात) तेही सांगा. ऊप्सचा (कर्नलमधल्या बिघाडाच्या अहवालाचा) मजकूर जोडायचा तर फंक्शनांची साखळी तेवढी ठेवा. वेळेचे शिक्के, मॉड्यूलची यादी, रजिस्टरचे आकडे काढून टाका.

शेवटी तुमच्या नावाची साइन्ड-ऑफ-बाय ओळ (हा कोड देण्याचा हक्क आपल्याला आहे, अशी ग्वाही). तिच्याशिवाय पॅच (पाठवलेला बदल) घेतला जात नाही.

प्रश्न : कमिटमधल्या ‘फिक्सेस’ टॅगमध्ये नेमकी कोणती कमिट द्यायची? (प्रोग्रॅमर, पुणे)

उत्तर : हा टॅग म्हणजे कमिट मेसेजच्या शेवटी येणारी एक ओळ; चूक ज्या कमिटने आत आली, ती तिच्यात द्यायची. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. गिट ब्लेम चुकीच्या ओळीवर शेवटचा हात कोणाचा ते दाखवतं. पण ती कमिट अनेकदा फक्त समास सरळ करणारी किंवा कोड दुसऱ्या फाइलमध्ये हलवणारी असते. मग त्या कमिटच्या आधीच्या अवस्थेवर ब्लेम पुन्हा चालवायचं, मूळ सापडेपर्यंत. चूक हमखास घडवून आणता येत असेल तर गिट बायसेक्ट (कमिटचा पट्टा दर चाचणीला निम्मा करत चूक शोधणारी आज्ञा) जास्त भरवशाचं: हजार कमिटचा पट्टा साधारण १० चाचण्यांत संपतो.

टॅगमध्ये हॅशची (कमिटच्या ओळख-क्रमांकाची) किमान पहिली १२ अक्षरं, आणि पुढे कंसात, दुहेरी अवतरणात त्या कमिटचं शीर्षक. ही ओळ ७५च्या पुढे गेली तरी तोडू नका, कारण ती स्क्रिप्ट वाचतात. हॅश मेनलाइनमधलाच (कर्नलच्या मुख्य कोडसाठ्यातलाच) हवा. तुमच्या रिबेस केलेल्या (कमिट नव्या पायावर पुन्हा रचलेल्या) ब्रँचमधला हॅश इतर कोणाकडे नसतो.

हा टॅग चुकला, तर कोणत्या जुन्या आवृत्त्यांना दुरुस्ती लागते याचा हिशेबच चुकतो, आणि बाधित कर्नल तसेच राहतात. चूक गिटच्याही आधीची असेल तर १डीए१७७ई४सी३एफ४ ही कमिट देतात. कर्नलच्या २.६.१२-आरसी२ या आवृत्तीची ही गिटमधली पहिली आयात; तिच्यामागचा इतिहास या रिपॉझिटरीत नाही.

फिक्सेस टॅग दिला म्हणून दुरुस्ती स्टेबल शाखांत (आधीच प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणाऱ्या शाखांत) जाईलच असं नाही. त्यासाठी स्टेबलच्या ईमेल पत्त्याची सीसी ओळ वेगळी घालावी लागते.

प्रश्न : म्हणजे दुरुस्तीबद्दल कोडमध्ये कॉमेंट लिहायचीच नाही? (वाचक, ठाणे)

उत्तर : लिहायची, पण कोड चुकीचा वाटतो आणि तरी बरोबर आहे, अशाच ठिकाणी. समजा, एखाद्या चिपमध्ये स्टेटस रजिस्टर पहिल्यांदा वाचल्यावर जुनी किंमत येते, म्हणून तुम्ही ते दोनदा वाचलंत. कॉमेंट नसेल तर पुढचा माणूस सद्‌भावनेने एक वाचन काढून टाकेल आणि चूक परत येईल. चिपची कोणती आवृत्ती आणि दुसरं वाचन कशासाठी, एवढं दोन ओळींत लिहा. मेमरी बॅरिअरजवळ तर कॉमेंट हवीच: तो मेमरीतल्या कोणत्या दोन वाचन-लेखन व्यवहारांचा क्रम राखतो आणि त्याचा जोडीदार बॅरिअर कुठे आहे. ती नसेल तर पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट इशारा देते. नाव-तारीख मात्र घालू नका. ते गिटकडे आहेच.

प्रश्न : पॅचची दुसरी आवृत्ती पाठवताना बदल कुठे लिहू? (तेच वाचक)

उत्तर : साइन्ड-ऑफ-बायनंतरच्या तीन आडव्या रेघांच्या खाली. तपासणाऱ्याला तो मजकूर दिसतो, पण पॅच लागू करताना गिट तो टाकून देतं.