किनाऱ्यावर मुलाला घेऊन जाताय? मग एवढं करा

आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. पाणी उतरत असताना पोहोचलात तर ओली वाळू मोकळी मिळते. भरती आणि ओहोटी यांत बहुतेक किनाऱ्यांवर साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं. हे नुसतं सांगू नका, दाखवा. लाट जिथवर येते तिथे काडी रोवा, दर 15 मिनिटांनी नवी. एकाच लाटेवर खूण केलीत तर फसाल, लाटा लहानमोठ्या असतात. दहा लाटा बघून सर्वांत पुढे आलेली धरा. काड्यांमधलं अंतर पावलांनी मोजायचं काम मुलाचं.

किल्ला ढासळतो तो वाळू फार कोरडी किंवा फार ओली असल्यामुळे. आठ वाट्या कोरड्या वाळूला साधारण एक वाटी पाणी पुरतं. कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं. मधल्या जागा पूर्ण भरल्या की पकड सुटते. तीन प्रमाणं मुलालाच करून बघू द्या. उत्तर आधी सांगितलंत तर सगळी मजाच गेली!

वाळूतले काळे लोहकण वेचायला चुंबक न्यायचा तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून. उघडा फिरवलात तर चिकटलेले कण निघता निघत नाहीत.

शिंपल्याला गोल, कोरल्यासारखं भोक दिसलं तर जरूर थांबा. शिकारी गोगलगाय असंच भोक पाडून आतला जीव खाते. जिवंत शंख मात्र जागेवरच राहू द्या.

आणि हे सगळं करताना मूल हाताच्या अंतरावर हवं, समुद्राकडे पाठ नको.