दोन सामन्यांचा ‘हंगाम’?

प्रश्न असा आला आहे: “अमेरिकेतल्या रटगर्स कॉलेजच्या १८६९ सालच्या फुटबॉल संघावर मराठीत लिहिताना मी ‘सीझन’साठी ‘मोसम’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘हंगाम’ केलं. सामने झाले दोनच. दोन सामन्यांना हंगाम म्हणायचं?”

म्हणायचं. ‘मोसम’ चूक नाही, क्रीडापानांवर तोही सर्रास दिसतो. पण माझ्या कानाला त्यात आभाळ आणि वारा आधी ऐकू येतो. मोसमी वारे आपले आपण येतात. हंगामात माणसाचे हात राबतात. पेरणीचा हंगाम, खरीप हंगाम, कारखान्याचा गळीत हंगाम. मूळ शब्द फारसी, अर्थ ‘वेळ’. मराठीने त्याला शेतात नेलं. गंमत म्हणजे इंग्रजी ‘सीझन’ची पाळंमुळंही शेतातच आहेत: लॅटिन ‘सातिओ’, म्हणजे पेरणी. तेव्हा संपादकांनी बरोबर केलं, कदाचित इतका विचार न करताही.

आता दोन सामन्यांचं. ६ नोव्हेंबर १८६९ला न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ हरवलं, आणि आठवड्याने, १३ तारखेला, प्रिन्स्टनने आपल्या मैदानावर ८-०ने उट्टं काढलं. तिसरा सामना ठरला होता, तो झालाच नाही. संपला हंगाम! पण हंगाम काही सामन्यांच्या संख्येवर ठरत नाही. पाऊस दोनदाच पडला तरी आपण ‘यंदाचा खरीप हंगाम वाया गेला’ म्हणतो, हंगाम झालाच नाही असं म्हणत नाही.

त्या ६-४ला मात्र ‘गुण’ लिहू नका, ‘गोल’ लिहा. तेव्हा एका बाजूला पंचवीस-पंचवीस खेळाडू असत, चेंडू गोल होता आणि तो हातात घेऊन पळायला बंदी होती. आपण ज्याला नुसतं फुटबॉल म्हणतो, त्याच्याच जवळचा तो खेळ. अमेरिकन फुटबॉलमधली टचडाउनला (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्याला) इतके, किकला इतके अशी गुणांची वाटणी १८८३ची. त्यामुळे मिशिगन विद्यापीठाच्या संघाने १९०१च्या हंगामात केले, ते ‘५५० गुण’ हेच योग्य. त्यांच्याविरुद्ध अकरा सामन्यांत कुणाला एकही गुण मिळाला नाही. अशा संघाला ‘अपराजित’ म्हणा. ‘अजिंक्य’ म्हणजे जिंकता येणार नाही असा, तो दावा वेगळा.

याच मिशिगनमुळे सालाचा एक पेच निघतो. त्यांचा शेवटचा सामना, पासाडेनात स्टॅनफर्डवर ४९-०, झाला १ जानेवारी १९०२ला. तरी हंगाम १९०१चाच. आपले साखर कारखाने अशा वेळी दोन सालं जोडून लिहितात, अमेरिकन कॉलेज फुटबॉलवाले सुरुवातीचं एकच साल धरतात. अनुवादात त्यांचंच ठेवा, ‘१९०१-०२’ करू नका.

आणि एक खड्डा चुकवा. ‘सीझनचा संघ’ म्हणून कुणी ‘हंगामी संघ’ लिहील. हंगामी अध्यक्ष, हंगामी कामगार ऐकलेल्या वाचकाला वाटेल, खरा संघ मागून येणार होता. ‘१८६९च्या हंगामातला रटगर्सचा संघ’ लिहा, चार अक्षरं जास्त लागली तरी चालतील.