"मला माझा हेल घालवायचाय"

खुर्चीत बसायच्या आधीच तिनं विचारलं, "मॅडम, हा हेल जायला किती दिवस लागतील?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) परदेशी सहकाऱ्यांबरोबरच्या ऑनलाइन बैठकीत एकानं तिच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल केली, बाकीचे हसले. त्यानंतर चार महिने ती बैठकीत तोंडच उघडत नव्हती. सगळं लिहून कळवायची.

"कोणासारखं बोलायचंय?"

"खऱ्या इंग्रजांसारखं."

ही अडचण घेऊन येणारे बरेच जण हेच म्हणतात. पण खरा इंग्रज कोणता? लिव्हरपूलचा, न्यूकॅसलचा की लंडनचा? 'बाथ'मधला 'आ' दक्षिण इंग्लंडात लांबतो, उत्तरेत आखूड राहतो. 'कार'मधला 'र' स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये ठणठणीत ऐकू येतो, लंडन-सिडनीत गळतो. न्यूयॉर्कमध्ये तर तो गाळणं एके काळी प्रतिष्ठेचं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेच कमीपणाचं ठरलं. १९४१ मध्ये यॉर्कशरचे विल्फ्रेड पिकल्स बीबीसीवर बातम्या वाचू लागले, तेव्हा त्यांच्या हेलावरही तक्रारी आल्या. ते तर जन्मानं इंग्रज!

हे ऐकून ती रडली. मी रडू दिलं. नक्कल करणाऱ्याचं वागणं चुकीचं होतं आणि ते तिनं स्वतःच्या जिभेवर ओढून घेतलं होतं. हेलावरून माणसाची अक्कल मोजली जाते, याचा मला आजही संताप येतो.

मग तिच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग आम्ही दोघींनी ऐकलं. मन्रो आणि डर्विंग या संशोधकांनी १९९५ मध्येच दाखवलंय की, ऐकणाऱ्याला हेल ठळक जाणवला तरी शब्द पूर्ण कळू शकतात. तिचंही तसंच होतं. अडखळायला होत होतं ते दोनच ठिकाणी: ती घाईनं वाक्यं एकमेकांत मिसळायची, आणि काही शब्दांत जोर भलत्या जागी पडायचा. 'डेव्हलप'मध्ये (इंग्रजी उच्चार 'डि-व्हे-लप') तो 'व्हे'वर हवा, ती सुरुवातीच्या 'डे'वर द्यायची. तेवढंच सुधारायचं ठरलं. हेलाला हात लावला नाही.

पुढच्या महिन्यात तिनं सांगितलं, नक्कल करणाऱ्याशी ती एकटीच बोलली. त्यानं माफी मागितली, पण अवघडून. आणि बैठकीत ग्लासगोच्या सहकाऱ्याचं एक वाक्य तिला कळलं नाही, तेव्हा तिनं माइक सुरू करून विचारलं, "पुन्हा सांगाल का?" त्यानं सावकाश सांगितलं.