चौथी सोनोग्राफी करू की नको?

प्रश्न : नमस्कार ताई, मला एकोणिसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. सोनोग्राफी आत्तापर्यंत तीनदा झाली. सातव्या आठवड्यात आतून केली, मग दहाव्यात थोडं स्पॉटिंग झालं म्हणून, आणि मग एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघतात तो). आता अ‍ॅनोमली स्कॅनची, म्हणजे बाळाचे अवयव नीट घडलेत का बघतात त्या सोनोग्राफीची, तारीख मिळालीये. पण जाऊबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवलाय की त्या लहरींनी बाळाचा मेंदू तापतो, आणि सासूबाई म्हणतात आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, झालीच ना आमची पोरं. रद्द करू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : अगं रद्द बिद्द काही करू नकोस. चारातली सगळ्यात कामाची सोनोग्राफी हीच आहे.

आधी एक गोंधळ काढून टाकू. सोनोग्राफी म्हणजे एक्स-रे नव्हे. यात किरणोत्सर्ग नसतो, नुसता आवाज असतो, आपल्या कानाला ऐकू न येणारा. त्यामुळे तीन झाल्या, चौथी झाली म्हणून अंगात काही साठत जात नाही, प्रोब, म्हणजे अंगाला लावतात ते हातातलं यंत्र, उचलला की संपलं. आतून केलेलीही तीच गोष्ट, फक्त प्रोब जवळून लावतात म्हणून इवलंसं बाळ नीट दिसतं.

आता तापण्याचं. व्हिडिओवाल्याने हे हवेतून काढलेलं नाही बरं का, आवाजाची ताकद शरीरात जिरते तेव्हा थोडी ऊब तयार होतेच. प्रश्न किती, हा आहे. पुढच्या वेळी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघ, टीआय (थर्मल इंडेक्स, म्हणजे तापण्याचा अंदाज) म्हणून एक बारीक आकडा असतो. तो १ असेल तर फार तर अंदाजे १ अंश सेल्सिअस तापमान वाढू शकेल असा त्याचा अर्थ, आणि साध्या काळ्या-पांढऱ्या सोनोग्राफीत तो सहसा त्याच्याही खाली असतो. दीड अंशापर्यंतची वाढ धोक्याची धरत नाहीत. तुला सणसणून ताप भरला तर बाळ याहून जास्त तापेल, तेव्हा ताप आला तर मात्र अंगावर काढू नकोस.

डॉपलरची, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीची, गोष्ट थोडी वेगळी. त्यात एकाच जागी जास्त ताकद लागते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत कारण नसताना ते लावत नाहीत, ठोके मोजायचे तर एम-मोड नावाची सौम्य पद्धत आहे, तिच्यात काम होतं. पुढे बीपी वाढलं, बाळाची वाढ कमी वाटली, तर नाळेतला रक्तपुरवठा बघायला कलर डॉपलर लागतं आणि तेव्हा ते खुशाल करावं.

ऑस्ट्रेलियात पर्थला २८०० च्या आसपास बायकांवर एक अभ्यास झाला होता. निम्म्या जणींची एकदाच सोनोग्राफी, बाकीच्यांची डॉपलरसकट पाचदा. १९९३ साली निकाल आला तो जरा काळजीचा होता, पाच वेळावाल्या गटात जन्मताना बारीक असलेली बाळं थोडी जास्त निघाली. मग त्या मुलांवर आठ वर्षांची होईपर्यंत लक्ष ठेवलं, तर वाढीत नि बुद्धीत फरक सापडला नाही. ते २००४ साली छापून आलं. व्हिडिओवाले सांगायचंच झालं तर पहिला अर्धा सांगतात.

म्हणजे कितीही वेळा करा असं मी म्हणत नाहीये. नियम साधा आहे, कारण असेल तेव्हा आणि लागेल तेवढाच वेळ. बाळाचा चेहरा छान येतो म्हणून उगाच फोर-डी व्हिडिओ काढायला जाणं मला पटत नाही.

सासूबाईंना सांग, पोरं झाली हे खरंच, पण वार (प्लॅसेंटा) खाली आहे हे कित्येकींना तेव्हा अचानक रक्त जायला लागल्यावरच कळायचं. या स्कॅनला ते आधी कळतं. शिवाय हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा, ओठ, किडन्या, सगळं बघतात, म्हणून अर्धा तासही लागतो. वेळ लागला म्हणजे काहीतरी गडबड आहे असं धरू नकोस. बाळ पाठ करून झोपलं असेल तर काहीतरी खाऊन, चक्कर मारून या म्हणतात.

जाताना जुने तिन्ही रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधार कार्ड घे. गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा फॉर्म एफ भरल्याशिवाय प्रोब लावत नाहीत, आणि कार्ड घरी राहिलं तर कराडच्या उन्हात दोन फेऱ्या होतील.